नोकरी सुटल्यानंतरचे दिवस : पैसा, दिनक्रम आणि "सध्या काय चाललंय?" हा प्रश्न

खाडीपल्याड (धागाकर्ता)

ठाणे-नवी मुंबईतल्या ऐरोली, महापे, वागळे इस्टेट या पट्ट्यात कुणाची ना कुणाची नोकरी सुटतच असते. सुटल्यावर लोक सल्ला देतात तो दोनच गोष्टींचा : रेझ्युमे आणि बचत. माणूस मात्र ढासळतो तो तिसऱ्याच ठिकाणी. सकाळी अकरा वाजता घणसोलीच्या एखाद्या टॉवरच्या लिफ्टमध्ये हाफ पँट आणि हातात दुधाची पिशवी घेऊन उभं असताना शेजारचे काका विचारतात, "आज सुट्टी?" त्या दोन शब्दांना काय उत्तर द्यायचं हे कुठल्याच सल्ल्यात नसतं.

या विषयावर अभ्यास भरपूर झालेला आहे. पॉल आणि मोझर या संशोधकांनी २००९ मध्ये शेकडो अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा मानसिक त्रासाचं प्रमाण बेरोजगारांमध्ये सरासरी ३४ टक्के आणि नोकरीत असलेल्यांमध्ये १६ टक्के निघालं. दुपटीहून जास्त. त्यांनीच हेही दाखवलं की पुन्हा काम मिळालं की त्रास कमी होतो. म्हणजे मुळात कमकुवत मनाचे लोकच नोकरी गमावतात, असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

मला जर्मनीतला एक निष्कर्ष सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दीर्घकाळ बेरोजगार असलेली माणसं निवृत्तीच्या वयाला पोचली आणि कागदोपत्री 'बेरोजगार'ची 'निवृत्त' झाली, तेव्हा त्यांचं समाधान स्पष्टपणे वाढलं. रोजचा दिवस जवळपास तसाच होता, कामावर कुणी गेलं नव्हतं. बदलली ती ओळख. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी लावलेलं बिरूद केवढं वजनदार असतं ते यावरून कळावं.

या धाग्यावर पहिल्या नव्वद दिवसांबद्दल नेमकं लिहूया. कागदपत्रं, हप्ते, दिनक्रम, घरातलं बोलणं. "सगळं ठीक होईल" छापाचे प्रतिसाद नकोत.

---

पारसिक

कागदांपासून सुरुवात करतो, कारण पहिल्या पंधरवड्यातल्या चुका नंतर वर्षभर छळतात.

एचआर बोलावून सांगते, "राजीनामा दिलात तर रेकॉर्ड स्वच्छ राहील." तिथेच सही करू नका. राजीनामा आणि कपात (कंपनीने स्वतः माणूस कमी करणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याने 'कामगार' ठरणाऱ्याला कपातीत नोटीस आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराएवढी भरपाई मिळते, राजीनाम्यात मिळत नाही. कर्जासोबत नोकरी जाण्याचा विमा घेतलेला असेल तर तोही राजीनाम्याला सहसा लागू होत नाही. देणारच असाल तर पत्रात "वैयक्तिक कारणास्तव" लिहू नका. "कंपनीने केलेल्या पदकपातीनुसार, व्यवस्थापनाच्या सूचनेवरून" असं लिहा आणि ती सूचना ईमेलवर मागून घ्या. याचा मनाशीही संबंध आहे. स्वतःच्या हाताने "वैयक्तिक कारणास्तव" लिहिलेला माणूस पुढचे सहा महिने दोषही स्वतःलाच देत बसतो.

ग्रॅच्युइटी : सलग पाच वर्षं झाली असतील तर (शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता) × १५ × वर्षं ÷ २६. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. मूळ पगार ४०,००० आणि सेवा ७ वर्षं ८ महिने असेल तर वर्षं ८, रक्कम १,८४,६१५. देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी.

पीएफ : घाबरून सगळा काढू नका. नोकरी सुटली म्हणून व्याज लगेच थांबत नाही. शिवाय पेन्शनला एकूण दहा वर्षं सेवा लागते. साडेआठ वर्षं झालेला माणूस पेन्शनचे पैसे काढून घेतो आणि पुढच्या नोकरीत शून्यापासून मोजायला लागतो, हे रोजचं चित्र आहे. त्याऐवजी फॉर्म १० सी भरून स्कीम सर्टिफिकेट घेतलं तर जुनी सेवा पुढे जोडली जाते. पाच वर्षांच्या आत ५०,००० किंवा जास्त काढलेत तर सहसा टीडीएस कापतात. आणि क्लेम अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मालकाने पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकलेली नसते. शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तारीख सदस्याला स्वतः टाकता येते, आधार ओटीपी लागतो.

ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे कंपनीने काढलेला आरोग्य विमा, नोकरीबरोबर संपतो. शेवटचा दिवस कळल्याबरोबर त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदली मागा. आई-वडिलांना जुने आजार असतील तर हे काम पीएफच्याही आधी.

---

सेक्टर_सतरा

हप्त्यांबद्दल. हप्ता चुकायच्या आधी बँकेत जायचं, चुकल्यावर नाही. एकदा नॅच (खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची सोय) बाउन्स झालं की दंड लागतो, सिबिलवर डाग पडतो आणि शाखेतल्या माणसाच्या बोलण्याचा सूरही बदलतो. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. त्याआधी मुदत वाढवून हप्ता कमी करून घेणं किंवा काही महिने फक्त व्याज भरणं, हे लेखी अर्ज देऊन मागता येतं. सोबत नोकरी संपल्याचं पत्र आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट जोडा.

किती महिने तगू, याचा हिशेब पहिल्याच आठवड्यात करा. हातात येऊ शकणारा पैसा भागिले टाळता न येणारा खर्च. समजा ४,२०,००० हातात आहेत आणि हप्ता, मेंटेनन्स, शाळा, किराणा, औषधं मिळून ७०,०००, तर सहा महिने. हा आकडा डोक्यात ठेवू नका, कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. डोक्यातला आकडा रात्री दोन वाजता लहान होतो.

सोसायटीचा मेंटेनन्स लोक सगळ्यात आधी थांबवतात. त्यावर उपविधींनुसार व्याज लागू शकतं. थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लागते तो अपमान वेगळाच. सेक्रेटरीला आधीच पत्र देऊन हप्ते पाडून घ्या. आणि कमिटीवर असलेल्यांनो, ती यादी लिफ्टशेजारी लावण्याआधी त्या घराची बेल एकदा वाजवा.

---

उपवनकाठ

मानसिक बाजू मांडते. मूळ अभ्यास जुना आहे, १९३१-३२ चा. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव, एका कापडगिरणीवर जगणारं. गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा आणि तिचे सहकारी तिथे गेले. अपेक्षा अशी की रिकामा वेळ भरपूर, तर लोक वाचतील, सभांना जातील. झालं उलटंच. वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. रस्त्यावर चालण्याचा वेग मोजला तर पुरुष रेंगाळत, मध्ये मध्ये थांबत चालत होते. बायका भराभर चालत होत्या, कारण चूल, मुलं, धुणं यांचं घड्याळ बंद पडलं नव्हतं.

याहोडाने पुढे यावरून मांडलं की नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी न मागता देते : दिवसाला चौकट, घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध, चार जणांच्या कामात आपलाही हात असल्याची जाणीव, समाजातली ओळख, आणि अंग हलतं ठेवणं. नोकरी गेली की पाचही एकाच सोमवारी जातात. मग त्या एकेक करून हाताने परत उभ्या कराव्या लागतात.

यात सगळ्यात आधी चौकट. झोपायची वेळ पाळायच्या मागे लागू नका, उठायची पाळा. नोकरीवर असताना साडेसहाला उठत होतात तर सातच्या पुढे नाही, रविवारीसुद्धा. पहिले दोन आठवडे "जरा आराम" म्हणून उशिरा उठणं सुरू होतं, तिसऱ्या आठवड्यात रात्री दोनपर्यंत मोबाइल, मग दहाला जाग, मग दुपारी परत झोप. इथून माणूस घसरतो. अंघोळ आणि बाहेरचे कपडे साडेनऊच्या आत. मग घराबाहेर पडायचं, पंचवीस-तीस मिनिटं चालायचं आणि शक्यतो घराबाहेरच बसून काम करायचं. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, तुमच्या भागातलं वाचनालय किंवा अभ्यासिकाही चालेल. कॉफी शॉप नको, तिथे दर वेळी खिसा आठवतो.

अर्जांचं काम दहा ते साडेबारा. एवढंच. दिवसभर नोकरीचं पोर्टल उघडं ठेवलं की प्रत्येक न आलेलं उत्तर स्वतंत्र नकार होऊन बसतं. आठवड्याला शंभर ठिकाणी एकच रेझ्युमे टाकण्यापेक्षा दहा ठिकाणी त्या त्या जाहिरातीप्रमाणे बदलून टाका आणि निदान पाच ओळखीच्यांना फोन करा. वहीत तारीख, कंपनी, कुणाशी बोललो, पुढचा फोन कधी, असे चार रकाने. दुपारी तीन ते पाच शिकणं किंवा थोडंफार कमाईचं काम. साडेपाचला वही बंद.

---

गवळीदेव

थोड्या कमाईच्या कामावरून एक भर. ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीवरून २०१९ मध्ये असं दिसलं की बेरोजगारीतून आठवड्याला आठ तासांपर्यंतच्या पगारी कामात आलं तरी मानसिक त्रासाचा धोका सरासरी ३० टक्क्यांनी कमी होतो. त्याहून तास वाढवले म्हणून मनाला फार जास्त फायदा होत नाही. पोट भरायला तास लागतातच, ती गोष्ट वेगळी. पण आठ तास म्हणजे रोज दीड तासाची शिकवणी, दोन दुकानांचं जीएसटीचं काम किंवा शनिवार-रविवारचा एक क्लास. हे "तात्पुरतं, हलकं काम" म्हणून नाकारू नका.

---

तळवली_नाका

म्हणजे मिळेल ती नोकरी धरायची? इथे सगळे घरवाले हेच म्हणतात.

---

उपवनकाठ

नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या पाहणीत २०११ मध्ये उलट निघालं. कामाचा ताण जास्त, हातात काही नाही, उद्याची खात्री नाही, कष्टाच्या मानाने पगार कमी, अशा नोकरीत गेलेल्यांची मनःस्थिती बेरोजगारांपेक्षा चांगली नव्हती, काही बाबतीत जास्त खालावली. म्हणून घाईने होकार देण्याआधी चार प्रश्न : तास आणि सुट्टी लेखी आहे का, पगार दर महिन्याला ठरलेल्या तारखेला होतो का (तिथल्याच माणसाला विचारा), आपल्या कामाचा क्रम थोडा तरी आपल्या हातात आहे का, जाण्यायेण्यात किती तास जातात. दिव्याहून अंधेरीला रोज दोन गाड्या बदलून जायचं असेल तर तो वेळ कामाचाच धरा. चारांपैकी तीन उत्तरं वाईट असतील आणि कपाटावरचा आकडा चार महिन्यांहून जास्त असेल, तर थांबायला हरकत नाही. आकडा दोनवर आला असेल तर धरा, आणि शोध चालू ठेवा.

---

बेलापूर_किल्ला

बायकांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

बाईची नोकरी गेली की लोक सांत्वनसुद्धा करत नाहीत. "बरं झालं, आता मुलांकडे लक्ष देता येईल." तिचं नुकसान नुकसान म्हणून मोजलंच जात नाही. दुसऱ्या दिवसापासून पोळीवाल्या मावशी बंद, पाळणाघर बंद, सासूबाईंचं औषधपाणी तिच्याकडे. चार आठवड्यांत तिचा दिवस एवढा भरतो की शोधायला वेळच उरत नाही, आणि सहा महिन्यांनी ऐकायला मिळतं, "तिलाच आता करायची नाही."

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, ते करणाऱ्या पुरुषांचे ८८. म्हणजे जवळपास पाच तास. आणि लग्नाच्या, शाळेच्या, बँकेच्या फॉर्मवर तिच्यापुढे लिहितात "काही करत नाही".

उपाय सांगते. पाळणाघर पूर्ण बंद करू नका, अर्ध्या वेळेवर आणा. सकाळचे अडीच तास तिचे शोधाचे, त्या वेळात दारावरची बेल आणि कुकर दुसऱ्याने बघायचा. हे घरात सगळ्यांसमोर बोलून ठरवा. तिने एकटीने मनात ठरवलं तर पहिल्याच पाहुण्याला मोडतं.

---

पारसिक

अगदी. आणि नोकरी गेलेल्या पुरुषाला घरात कामं द्यावीत का, हाही प्रश्न येतो. द्यावीत, पण अख्खी. "घरीच आहेस ना, दळण आण", मग वीस मिनिटांनी "जरा गॅसला फोन कर", मग "खाली कुरियर आलंय". अशी तुकड्यांची कामं दिवसाचे लचके तोडतात, आणि प्रत्येक वेळी 'घरीच आहेस' हे शब्द टोचतात. त्याऐवजी मुलीची शाळेची ने-आण, किंवा संध्याकाळचा पूर्ण स्वयंपाक, भाजी आणण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत, त्याच्याकडे. त्यात कुणी सूचना करायच्या नाहीत.

---

खाडीपल्याड

बरोबर नेम धरलात. घरच्यांच्या बोलण्याबद्दल : "काय झालं त्या कंपनीचं?" हा प्रश्न रोज रात्री जेवताना विचारला जातो. विचारणारा काळजीने विचारतो, ऐकणाऱ्याला हजेरी वाटते. आठवड्यातून एकच वेळ ठरवा, समजा रविवारी सकाळी अकरा. अर्धा तास, चहा घेऊन, ती वही आणि कपाटावरचा आकडा पुढ्यात ठेवून. बाकी सहा दिवस त्याने स्वतःहून सांगितलं तरच. हे पाळलं जातं तिथे भांडणं कमी होतात.

---

कळवा_पूर्व

घरी सांगितलंच नसेल तर? रोज बॅग आणि डबा घेऊन निघायचं आणि ठाण्यात तलावपाळीला बसायचं, असं करणारे आहेत.

---

उपवनकाठ

आहेत, आणि बरेच आहेत. त्यात दिवसाची चौकट तेवढी टिकते, बाकी सगळं जातं. शिवाय घरात खर्च पूर्वीसारखाच चालू राहतो, त्यामुळे तगायचे महिने झपाट्याने घटतात. कळतं ते बहुधा बँकेच्या फोनवरून, आणि मग दुखतं ते नोकरी गेल्यापेक्षा लपवल्याचं.

सांगायचं कसं : आधी एकाच माणसाला, बहुतेक घरात जोडीदाराला. रात्री नाही, सकाळी. नाश्ता झाल्यावर, मुलं शाळेत असताना. पहिलं वाक्य सरळ : "माझी नोकरी अमुक तारखेला गेली, मला सांगायचं धाडस झालं नाही." मग कारणांची लांबण न लावता कागद पुढे करायचा : किती पैसे आहेत, किती महिने पुरतील, आतापर्यंत कुठे अर्ज केलेत. ऐकणाऱ्याने त्या दिवशी "का लपवलंस" हा प्रश्न बाजूला ठेवावा. तो विचारायचा हक्क आहेच, पण पहिला दिवस माणूस सावरण्याचा.

आणि धोक्याची खूण. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे, मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, गुण ० ते २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरकडे जा. वीस किंवा जास्त म्हणजे तीव्र. पण नवव्या प्रश्नाला, म्हणजे जगणं नको वाटतं किंवा स्वतःला इजा करावीशी वाटते याला, "नाही" सोडून कुठलंही उत्तर असेल तर बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी मदत घ्या. त्या माणसाला एकटं सोडू नका. टेलि-मानस १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात ओपीडी आहे. नावाला घाबरून लोक जात नाहीत, पण बाह्यरुग्ण म्हणून दाखवून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी येता येतं.

---

वाशी_मार्केट

एक बाजू राहिली. काम असूनही 'नोकरी नाही' समजली जाणारी माणसं. सरकारी पाहणीत चालू साप्ताहिक स्थिती काढताना मागच्या सात दिवसांत एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. आपल्या समाजाचं माप नेमकं उलटं. बारा तास डिलिव्हरी करणारा पोरगा नातेवाइकांच्या लेखी "अजून सेटल नाही". माथाडीचंही तसंच. १९६९ च्या कायद्याने मंडळ आलं, नोंदणी, पीएफ, बोनस, दवाखाना आला. कोपरखैरण्यात माथाडींच्या वसाहती उभ्या राहिल्या. तरी मुलाच्या बायोडेटात वडिलांचा व्यवसाय लिहिताना हात थबकतो. तो थबकू नये यासाठी आपण समोरच्या बाजूने काहीतरी करायला हवं. स्थळ बघताना "परमनंट आहे का?" याऐवजी "महिन्याला घरात किती येतात आणि किती वर्षांपासून येतात?" असं विचारा. उत्तर जास्त खरं मिळतं.

---

तळवली_नाका

एमपीएससीवाल्यांबद्दल पण सांगा. खुल्या गटाला वयाची अट ३८ पर्यंत, म्हणजे "अभ्यास करतोय" हे उत्तर पंधरा वर्षं चालतं.

---

गवळीदेव

चालतं, म्हणूनच घातक. ते बिरूद माणसाला 'बेरोजगार' शब्दापासून वाचवतं आणि त्या आडोशाला वर्षं निघून जातात. पहिला प्रयत्न द्यायच्या आधी थांबायची तारीख ठरवा, लिहून घरच्यांना द्या. "तीन मुख्य परीक्षा किंवा अमुक वर्षाचा डिसेंबर, जे आधी येईल ते." आणि अभ्यासाच्या काळातही ते आठ तासांचं कमाईचं काम ठेवा. त्यात मिळालेलं अनुभवपत्र नंतर कामाला येतं. पंधरा वर्षांचा कोरा कागद कुणालाच समजावता येत नाही.

---

कळवा_पूर्व

लिफ्टमधल्या काकांना काय सांगायचं ते राहिलं. आणि लहान मुलांना?

---

खाडीपल्याड

काकांना : "ती नोकरी संपली, दुसरी शोधतोय. क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे मी, तुमच्या ओळखीत काही असेल तर सांगा." दोन वाक्यं, मान खाली न घालता. 'सुट्टी आहे' म्हटलंत तर उद्या परत तोच प्रश्न. खरं सांगितलंत तर प्रश्न संपतो आणि कधीकधी एखादा फोन नंबर मिळतो.

मुलांना त्यांच्या वयाचं, पण खरं. सात-आठ वर्षांच्या मुलाला पगार कळत नाही, घरातला आवाज कळतो. "बाबांची ती कंपनी आता नाही, बाबा दुसरी शोधतायत. तुझी शाळा तीच, शाळेची बस तीच, आजी पण इथेच." जे बदलणार नाही ते नाव घेऊन सांगा. शाळेचं अजून ठरलं नसेल तर शाळेचं नाव त्या यादीत घेऊ नका.